कवितेतला नळ

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार शेवटी. आधी नळाचं बघ.

तुझ्या पत्रातून टकळीच्या हातची चिठ्ठी निघाली. आठ वर्षांच्या पोरीने इतकी मुद्देसूद तक्रार लिहावी, याचं मला फार कौतुक वाटलं. इथे हॉटेलात मोठमोठे लोक नुसतं 'खोलीत आवाज येतो' असं लिहून देतात. कसला आवाज, कुठून येतो, काही नाही. मग मी आणि माझी हत्यारांची पेटी त्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावून उभे. तुझ्या लेकीने बघ कसं ओळीने लिहिलंय:

आमचा नळ रडतो, त्याला आई नाही.
पंख्याला चक्कर येते, तरी तो थांबत नाही.
घड्याळ पाय घासत चालतं.
बाबांची वाट बघून बाबांची खुर्ची वाकडी झाली.

तर उत्तर असं. नळाचा वायसर गेलाय. भावोजींना सांग, आधी पाणी बंद करा, मग जुना वायसर खिशात घालून दुकानात न्या. माप तोंडी सांगू नका. पंखा डुगडुगतो म्हणजे पात्यांचे स्क्रू ढिले झालेत, मुलांना खाली बसवू नकोस. घड्याळाला नवा सेल. खुर्चीचं पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

पण ताई, त्या शेवटच्या ओळीने जिवाला घोर लागलाय. भावोजी कुठे गेलेत? खुर्ची वाकडी होईपर्यंत वाट बघायची म्हणजे बरेच दिवस झाले असणार. पावाची गाडी चालवणारा माणूस पहाटे जातो आणि दुपारी घरी येतो, अशी माझी समजूत. भांडलात का? खरं काय ते लिही. हवं तर मी मुकादमाला सांगून निघतो.

गप्पूला पापा. घराबाहेर बोलायला लागला का तो?

तुझा
भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरी,

भावोजी घरी आहेत. आत्ता त्याच खुर्चीत बसून मोज्याची जोडी जुळवतायत. तुझं पत्र मी दवाखान्यात उघडलं आणि माझ्या टेबलामागे इतकी हसले की दात काढून घ्यायला आलेले आजोबा डॉक्टरांना म्हणाले, माझं राहू द्या, आधी या बाईंना बघा.

अरे, ती तक्रार नव्हती. ती कविता होती.

गेले दोन महिने संध्याकाळची भांडी आवरली की मी दोघांना घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते. आधी मी एक कविता मोठ्याने वाचते. मग प्रत्येकाने घरातली एक वस्तू निवडायची आणि ती नीट दिसेपर्यंत बघत राहायचं. दिसली की लगेच लिहायचं, कारण नंतर लिहायला गेलं की माणूस पदरचं घालतो. 'सुंदर' आणि 'छान' या शब्दांना आमच्या टेबलावर बंदी आहे. गप्पूला जोडाक्षरं अजून जड जातात, म्हणून तो माझ्या कानात सांगतो, मी ते पुढे सांगते आणि टकळी लिहून घेते. लिहिता लिहिता ती स्वतःची एखादी ओळ घुसडते आणि मग उशांनी मारामारी होते. अशी आमची शाळा.

सुरू केली ती खरं तर गप्पूसाठी. त्याच्या वर्गातल्या बाई सांगतात, हा तोंडच उघडत नाही. पाहुणा आला की टेबलाखाली. पण एखादी ओळ सुचली की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, हे मी पाहिलं आणि तेच धरून बसले.

तुझं नळाचं निदान मात्र बरोबर निघालं. भावोजींनी वायसर बदलला, नळ शांत झाला आणि टकळी रुसली. म्हणाली, "मामाने माझी कविता बंद पाडली."

आता मुद्द्याचं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी दोघं आपापल्या कविता मोठ्याने वाचणार आहेत. ऐकायला आम्ही दोघं आणि दवाखान्यातली माझी मैत्रीण. गप्पूने अट घातलीय: मामा समोर बसला तरच वाचीन. तू गेलास तेव्हा तो रांगत होता, तुला ओळखतो तो फक्त पत्रांमधून. मी विचारलं, मामाच का रे? तर म्हणाला, "मामा हसत नाही. मामा दुरुस्त करतो."

तू दोनदा 'येतो' म्हणालास आणि दोन्ही वेळा नोकरी बदलून भलतीकडेच गेलास. मला तुझी सवय आहे, त्याला नाही. यायचं तर ये, पण नुसतं 'येतो' म्हणू नकोस.

तुझी
ताई

ता. क. खालच्या औषधाच्या दुकानात फोन करू नकोस. आपण बोलायला लागलो की दुकानदार घड्याळाकडे बघतो. आणि फोनवर टकळी एकटीच बोलते. पत्रात दोघांना सारखी जागा मिळते.


(त्याच पाकिटात)

मामा,

तू दिवसभर तक्रारी वाचतोस म्हणून तुला कविता कळत नाही असं आई म्हणाली. म्हणून आता मी तुझी बाई.

गृहपाठ. तुझ्या खोलीतली एक वस्तू घे. ती दुरुस्त करायची नाही. हात पाठीमागे ठेव आणि बघ. मग चार ओळी लिही. सुंदर लिहिलंस तर फुली मारीन. म्हणजे सुंदर हा शब्द लिहिलास तर.

आणि हे दहा वेळा लिहून पाठव: कविता खरी असते पण बातमी नसते.

तुझी बाई
टकळी

गप्पू विचारतो, तुझ्या पेटीत काय काय आहे.


२ मार्च

टकळीबाईंस,

दहा वेळा लिहिलंय, मागच्या पानावर बघा. लिहिताना मुकादम डोकावला. "काय रे, शिक्षा झालीय का?" मी म्हटलं, भाचीने केलीय. तो म्हणाला, "मग काहीतरी केलंच असशील."

गृहपाठाने घाम काढला. पहिल्यांदा लिहिलं ते असं:

खोलीचं दार.
खालची बिजागरी गंजली आहे.
तेल द्यावे.
सही.

माझं मलाच कळलं, ही चिठ्ठी झाली. मग हात पाठीमागे घेऊन खाटेवर बसलो. या खोलीत आम्ही चौघे राहतो: भटारखान्यात भाजी चिरणारा एक, सामान उचलणारे दोघे आणि मी. भटारखान्यातला म्हणाला, "काय झालं रे? घरून काही वाईट कळलं का?" मी म्हटलं, बघतोय. मग तोही शेजारी बसून बघायला लागला. काय बघायचंय ते दोघांनाही माहीत नव्हतं. टकळीबाई, मी पाचवीत शाळा सोडली ती खिडकीतून. बाई फळ्याकडे वळल्या आणि मी गेलो. तेव्हापासून एका जागी एवढा वेळ मी पहिल्यांदाच बसलो असेन. शेवटी हे आलं:

पाना हॉटेलचा, हातोडी माझी.
हा एक स्क्रू कुणाचाच नाही.
कुठल्याच भोकात बसत नाही,
म्हणून खिशात फिरतो, चालताना वाजतो.

तपासून मार्क कळवा.

गप्पू, पेटीत हे आहे: पाने, पकड, हातोडी, तेलाची डबी, वायसरांची पुडी आणि एक चमचा. चमचा का आहे ते मलाही माहीत नाही.

तुमचा विद्यार्थी
मामा

ताई, हे फक्त तुला. मुकादम बेटावरच्या नव्या हॉटेलात चाललाय आणि मला सोबत चल म्हणतोय. समुद्र ओलांडून. मी आयुष्यात बोटीत बसलेलो नाही. बोट एप्रिलअखेर सुटते, आणि एकदा गेलं की दोन वर्षं सुट्टी नाही. ऐकल्यापासून पाय नुसते वळवळतायत. गप्पूला काही बोलू नकोस. 'येतो' नको आणि 'येत नाही' पण नको.


१४ मार्च

मामा,

दहापैकी आठ. एक मार्क शुद्धलेखनाचा कापला. एक 'सही'चा कापला, कवितेखाली असं लिहीत नाहीत.

तो स्क्रू म्हणजे तूच ना?

टकळीबाई

गप्पू म्हणतो (जसंच्या तसं लिहून घेतलंय, आई बाजूला उभी आहे): त्या स्क्रूला विचार, त्याला कुठे बसायचंय.


२५ मार्च

टकळीबाई,

तो स्क्रू मी नाही. तो दीड इंचाचा आहे आणि त्याच्या डोक्याला गंज आहे. शिकलेली माणसं कशातही काहीही बघतात.

गप्पू, मी त्याला विचारलं. तो काही बोलत नाही. तुझ्याच जातीचा दिसतो. म्हणून तुझ्याकडे पाठवतोय, तुझ्याशी बोलतो का बघ. कापसात गुंडाळलाय. टोक लागेल, जपून.

मामा


५ एप्रिल

भिंगरी,

घाईत आहे. हात धुळीने भरलेत, पेन सापडत नव्हतं, हे भावोजींच्या गाडीतलं आणलं. तुला कळवायचं ते सगळं टकळीने खाली लिहिलंय. तू तिची ओळन् ओळ खरी धरतोस, तेव्हा मी तेच पुन्हा लिहीत बसत नाही.

गप्पू तुझा स्क्रू उशाशी घेऊन झोपतो. काय बोलणं होतं ते आम्हाला सांगत नाही.

बेटाचं काय ठरलं?

ताई

(दोघांनी मिळून केलेली कविता)

घर खोक्यात बसलं. खोक्यावर आईने लिहिलं: काच, जपून.
नदीवरचा पूल आता आमच्या मागे बसतो.
मग मोठा बूट येतो. तो दुकानावर टांगलाय, त्याला पाय नाही.
बुटाच्या टोकाकडे वळलं की इस्त्रीवाल्याची वाफ तोंडावर येते.
झाडाला सायकल बांधलीय. तिची चाकं कुणीतरी नेली.
तिथला जिना स्वतःभोवती फिरतो आणि दमत नाही.
दार लिंबाच्या रंगाचं.
आत एक खिडकी आहे, तिला अजून आमची नावं माहीत नाहीत.


१३ एप्रिल

टकळीबाई आणि गप्पूसाहेब,

'घर खोक्यात बसलं' वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं, एवढं घर कसल्या खोक्यात बसेल? पण लगेच हात पाठीमागे घेतले. कविता खरी असते पण बातमी नसते. दहा वेळा लिहिलंय, विसरेन कसा?

त्या बुटाला पाय नाही, ती ओळ मी चालता चालता म्हणत असतो. भटारखान्यातल्याला अख्खी कविता वाचून दाखवली. तो म्हणाला, "सायकलची चाकं नेली, मग पोलिसांत कळवलं का?" मी त्याला म्हटलं, अरे बाबा, तुझा जन्म कांदे चिरण्यात गेला, तुला कविता कळायची नाही. आमच्या खोलीत आता सगळे मानतात की कविता मला एकट्याला कळते.

दहापैकी दहा. सुंदर. मारा फुली.

ताई, धुळीचं लिहिलंस, रंगकाम काढलंयस वाटतं. मुलांना रंगाच्या वासात झोपवू नकोस. बेटाचं सध्या विचारू नकोस. बोट नेमकी त्याच रविवारी सुटते, एवढंच सांगतो.

मामा


२१ एप्रिल

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. आमची पत्रं पुलापलीकडे आणून द्या असं टपालवाल्याला सांगून ठेवलंय. तो मान हलवतो आणि विसरतो. की तू लिहिलंच नाहीस?

इथे येऊन पंधरवडा झाला, तरी मोठ्या पातेल्याचं झाकण कुठल्या खोक्यात गेलं ते सापडत नाही. नवं घर जुन्याहून लहान आहे, पण दुपारचं ऊन थेट टेबलापर्यंत येतं. टकळी म्हणते, उन्हाला या घरात लिहायला बसायचंय.

गप्पूने तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय, तीच वाकडी. बाबांनासुद्धा बसू देत नाही. कविता तयार आहे, पण मलाही अजून ऐकवलेली नाही. पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या हाताने लिहिलीय.

तुला बोटीत बसायचं असेल तर बस. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण ते माझं मी बघेन. फक्त आधी कळव, म्हणजे खुर्ची हळूच काढून घेता येईल.

ताई

(पाकीट नंतर परत आलं. पाठीवर अनोळखी अक्षर: 'तो कालच निघाला. कुठे ते विचारलं तर म्हणाला, कवितेला. — भटारखाना.')


२७ एप्रिल, रविवार

ताई,

मी तुझ्या दारात बसलोय आणि तू नाहीस.

न कळवता येऊन तुम्हाला थक्क करायचं होतं. मुकादम म्हणाला होता, गेलास तर बेट विसर. विसरलो. रेल्वे, मग बस, मग एका विटांच्या ट्रकमध्ये बसून आलो, आणि इथे कुलूप. खिडकीला पडदे नाहीत. टपाल टाकायच्या फटीतून आत बघितलं, तर रिकाम्या फरशीवर माझंच पत्र पडलेलं. 'दहापैकी दहा' वालं. औषधाचं दुकान रविवारचं बंद.

वरच्या मजल्यावरच्या बाई डोकावल्या. "ते होय? ते गेले की. पुलापलीकडे कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"कुठेतरी म्हणजे कुठेतरी. तुम्ही कोण, मीटर बघायला आलात का?"

"त्यांचा भाऊ."

"भाऊ, आणि माहीत नाही?" असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

म्हणजे आज गप्पू म्हणणार, मामा आला नाही. मी इथवर आलोय, तरी न आल्यातच जमा.

हे तक्रारींच्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूला लिहितोय. पॅड खिशातच राहिलं होतं. हाताला काम नसलं की माझे पाय चालू लागतात, आणि आज कुठे चालायचं ते त्यांना माहीत नाही. पॅडमध्ये टकळीचा कागद घडी करून ठेवला होता, तो बाहेर आला.

थांब जरा. पुलापलीकडे.

ताई, घर खोक्यात बसलं.

मी गाढव आहे.

—

पूल माझ्या मागे बसलाय. खरंच बसल्यासारखा दिसतो, कमानी गुडघ्यासारख्या वर. हे दुकानाच्या पायरीवर उभ्याने लिहितोय. दिसलं की लगेच लिहायचं, बाईंची शिस्त आहे.

बूट सापडला. केवढा आहे, आत गप्पू मावेल. पाय नाही. टोक डावीकडे.

वाफ आली तोंडावर. इस्त्रीवाला रविवारीही उभा आहे, देव त्याचं भलं करो. मी विचारलं, इकडे दोन मुलं नवीन राहायला आलीत का, एक बोलतं आणि एक नाही? तो म्हणाला, "बोलणारी रोज येते. न बोलणारा तिच्यामागे उभा राहून वाफ बघतो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "दुरुस्तीवाला मामा तूच का?"

सायकल. चाकं नाहीत. कुलूप मात्र दणकट.

जिना दमत नाही. मी दमलो.

दार लिंबाच्या रंगाचं आहे. घंटा दाबली, वाजत नाही. तार सुटलीय, बाहेरूनच दिसते. ठोकायला हात उचलला आणि आतून टकळीचा आवाज आला. वाचतेय. मधेच कसं थांबवू? हात पाठीमागे घेतले आणि उभा राहिलो. ताई, पोरगी घाई करते पण तोंडातला एक शब्द सांडत नाही.

झालं तिचं. टाळ्या.

आता कुणीच बोलत नाही.

अजून नाही.

तू म्हणालीस, "राहू दे, राजा. पुढच्या वेळी." आणि कसलीतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एका पायाने लंगडत सरकली. कुठली ते मला कळलं.

ती काढू नका. गप्पू, पुढच्या वेळी नको, आजच. मी दाराबाहेर आहे. हे पत्र टपालाने येत नाही, दाराखालून सरकवतोय. मी हसणार नाही.

मामा


(शेवटच्या चिठ्ठीच्या छापील बाजूला, 'तक्रार' या शब्दाखाली, मोठ्या वाकड्या अक्षरात, दाराखालून परत आलेलं)

मामा
तुझा सकरू आमचा दारात बसला. मी बसवला.
तरी दार अडकतं. जोरात ढकल.
ही कविता नाही.
कविता आत आहे.
गपू